‘म्हणे’चा प्रवास

वाशीम जिल्ह्याचा वाढदिवस १ जुलैला असतो. १९९८ साली अकोल्यातून वेगळा काढून हा जिल्हा झाला. खरं तर हा त्याचा दुसरा जन्म. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात ‘बासिम’ नावाचा जिल्हा होताच. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात घालण्यात आला. १ जुलै २०१८ रोजी नव्या जिल्ह्याला वीस वर्षं पूर्ण झाली. तो रविवार होता. त्याच रविवारी तिकडे धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा नावाच्या आदिवासी गावात आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून तिथे उतरले. सोलापूरच्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत फिरत आलेली ही माणसं, जवळच पिंपळनेरला त्यांची पालं पडलेली. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी काहीतरी बोलला. ‘मुलं पळवणारी टोळी आली’ अशी आरोळी उठली. जमावाने पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे ठेचून मारलं. आलेले पोलीस थोडे होते, तेही जखमी झाले.

त्या घटनेविषयी पुष्कळ लिहून झालं आहे. बहुतेक लिखाणाचा सूर असा, की मोबाईल आला, व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि अडाणी माणसांच्या हाती कोलीत मिळालं. मला या सुरातले दोन्ही शब्द खटकतात, ‘मोबाईल आला’ हाही आणि ‘अडाणी’ हाही. मी वऱ्हाडातल्या भटक्या समाजांविषयीची जुनी कागदपत्रं वाचत असतो. त्या कागदांत राईनपाड्याची अफवा मला फार आधी भेटली आहे, छापील अक्षरांत, सरकारी खर्चाने बांधलेल्या पुस्तकांत. ती कशी चालत आली आणि फोनने तिच्यात नेमकी काय भर घातली, याचा माग मी या लेखात घेतो आहे.

आधी फोनमधला भाग पाहू. २०१८ च्या उन्हाळ्यात जी चित्रफीत देशभर फिरली, ती वाशीमच्या फोनांतही आली होती. रस्त्यावर मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एक पोर उचलतात आणि पसार होतात. खाली मजकूर ज्या त्या प्रांताच्या भाषेत, आणि गाव बहुधा आपल्या जवळचं. ही चित्रफीत भारतातली नव्हतीच. कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने २०१६ मध्ये जनजागृतीसाठी ती तयार करवली होती. मूळ फितीत ते दोघे मोटारसायकल वळवून परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि एक फलक उघडून दाखवतात: कराचीत मूल पळवायला एवढाच वेळ लागतो, लक्ष ठेवा, अशा आशयाचा. कुणीतरी शेवटचा तो तुकडा कापला. बाकी काहीही बदललं नाही. एक फ्रेमही खोटी घातलेली नाही.

दुसरी एक चित्रफीत याहून भयंकर होती. चादरींखाली ओळीने ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह. मजकूर असा, की टोळीने मुलांचे अवयव काढले. ती मुलं खरोखरच मेलेली होती. पण २०१३ साली, सीरियातल्या घौता भागात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात. इथेही चित्र खरंच होतं, त्याचा पत्ता तेवढा काढून टाकला होता.

मला हे कापणं महत्त्वाचं वाटतं. आपण खोट्या बातमीला ‘रचलेली’ म्हणतो. पण रचायला बुद्धी लागते, वेळ लागतो, आणि रचलेलं बहुधा उघडं पडतं. कापायला काहीच लागत नाही. शेपूट कापा, पत्ता कापा, तारीख कापा, सांगणाऱ्याचं नाव कापा. उरतं ते खऱ्याचंच असतं, म्हणून ते खरं दिसतं.

मराठीत या कापण्याला आड येणारा एक छोटा शब्द आहे: ‘म्हणे’. ‘तिकडं कारंज्याला पोरं धरणारी बाई आली म्हणे.’ वाक्य म्हणजे बोलणाऱ्याने अंगावर न घेतलेली बातमी. ऐकणाऱ्यालाही कळतं की याने पाहिलेलं नाही. कानडीत, तेलुगूत, हिंदीतही याला आपापले शब्द आहेत. गावगप्पांची सगळी शिस्त या ‘म्हणे’वर उभी होती. तो शब्द वाटेत केव्हा गळून पडतो, हे शोधणं म्हणजेच अफवेचा इतिहास शोधणं, असं मला वाटत आलं आहे.

शोधताना पहिला मुक्काम वऱ्हाडात नाही, म्हैसूरकडे आहे. अ‍ॅबे द्युबुआ हे फ्रेंच मिशनरी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तीसएक वर्षं दक्षिणेत राहिले. हिंदूंच्या चालीरीतींवरचं त्यांचं हस्तलिखित ईस्ट इंडिया कंपनीने विकत घेतलं आणि १८१६ मध्ये लंडनला इंग्रजीत छापलं. कारभार करायला उपयोगी पडावं म्हणूनच ते घेतलं होतं. त्यात लंबाडी, म्हणजे आपल्याकडचे लमाण किंवा बंजारे, यांच्याविषयी एक भाग आहे. हे लोक माणसं पळवून नेतात, गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि बळी देतात, असा त्याचा आशय. पण द्युबुआंनी ते स्वतः पाहिल्याचा दावा केलेला नाही. असा त्यांच्यावर आरोप होतो, असं सांगतात, अशी पुस्ती त्यांनी जोडली आहे. म्हणजे ‘म्हणे’ अजून शाबूत आहे.

पुढे गोदावरीकाठच्या एका मिशनऱ्याने टिपण केलं, की पूर्वीच्या काळी लंबाडी प्रवासाला निघताना लहान मूल खांद्यापर्यंत पुरत आणि त्याच्यावरून लादलेले बैल हाकत. ‘पूर्वीच्या काळी’ हे शब्दही ‘म्हणे’चेच भाऊ आहेत, ज्याने पाहिलं असा कुणीही हयात नाही, एवढाच त्यांचा अर्थ. मग १९०९ मध्ये एडगर थर्स्टन यांचा दक्षिण भारतातल्या जातीजमातींचा सात खंडांचा कोश आला, आणि या गोष्टी त्यात आल्या. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड प्रसिद्ध झाले. त्यातल्या बंजारा प्रकरणात नरबळीला स्वतंत्र पोटशीर्षकच मिळालं आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरं पोटशीर्षक येतं, जातीत घेतल्या जाणाऱ्या बाहेरच्यांविषयीचं. आणि त्या मथळ्यातच पळवलेली मुलं आणि गुलाम यांचा उल्लेख आहे.

ते पान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ मथळ्यावरून पुढे गेलो नाही. शंभर वर्षांपूर्वीचा ग्रंथ, निर्देशसूची, तळटिपा, सगळं व्यवस्थित. आणि मथळ्यात ‘म्हणे’ला जागा नसते. मथळा म्हणजे फोनवरच्या चित्रावर लिहिलेली ओळच की. खालचा मजकूर कितीही सावध असला, तरी लोकांच्या लक्षात मथळा राहतो.

आता वऱ्हाडचा संबंध. रसेल-हिरालाल यांनी बंजारा प्रकरणाच्या आरंभीच आपला मुख्य आधार सांगितला आहे: वऱ्हाड पोलिसातले अधिकारी कंबरलेज यांचं टिपण. ते १८६९ च्या सुमारास लिहिलं गेलं असावं, आणि १८८२ मध्ये पुन्हा छापलं गेलं. जोडीला मेजर गनथॉर्प यांचं १८८२ चंच पुस्तक, मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत इथल्या गुन्हेगार जमातींवरचं. एका समाजाची ओळख जगाला ज्या ग्रंथातून व्हायची, तिचा पाया पोलिसांच्या टिपणांवर आणि आपल्याच मुलुखात घातला गेला, ही गोष्ट वाशीमकराने तरी विसरू नये. फौजदाराकडे ज्या समाजाची माहिती गोळा होते, ती अर्थातच त्या समाजातल्या आरोपींची असते. लग्नं, गाणी, बैलांची निगा, मीठ-धान्याचा हिशेब यांच्या फिर्यादी कुणी ठाण्यावर देत नाही. कंबरलेज यांच्या टिपणात चालीरीतींचीही भरपूर माहिती आहे, हे मान्य केलं पाहिजे. पण वाचणाऱ्याच्या मनात काय ठसलं, याला उत्तर पुढच्या पन्नास वर्षांच्या पोलीस-हस्तपुस्तिका देतात.

इथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट झाकून ठेवू नये. मोठ्या दुष्काळांत उपाशी आई-बापांनी मुलं विकली, वाटसरूंच्या हवाली केली, असं या देशात वारंवार घडलं आहे. धान्याचे तांडे घेऊन फिरणाऱ्यांकडे अशी मुलं आली असणार, आणि ती तांड्यातच वाढली असणार. जगलेल्या पोराला ‘पळवलेलं’ म्हणायचं की ‘वाचवलेलं’, हे लिहिणारा कुठे बसला आहे यावर ठरतं. अफवेच्या पोटात पुष्कळदा असा एक खरा दाणा असतो. तो नसता, तर ती इतकी टिकली नसती.

आणि हे बंजारे होते तरी कोण? मोगल फौजांना, निजामाला, मराठ्यांना, पुढे इंग्रजांना धान्य पुरवणारे. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडची लढाई लढला, तेव्हा त्याच्या सैन्याचं पोट बंजाऱ्यांच्या बैलांवर होतं. लढाईच्या दोन्ही बाजूंनी त्यांना बहुधा हात लावला जात नसे, कारण उद्या आपल्यालाही तेच लागणार. मीठ, धान्य यांच्याबरोबर ते बातम्याही वाहत. एका अर्थी त्या काळचे सगळ्यात दूर पोचणारे निरोपे तेच. मग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि तांड्यांचा धंदा दहा-वीस वर्षांत बसला. ज्याला काम होतं तोवर ‘प्रवासी’ म्हणत, त्याला काम गेल्यावर ‘भटका’ म्हणू लागले. १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानासाठी गुन्हेगार जमाती कायदा झाला. १९११ पर्यंत तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला. या कायद्याखाली नोंद झालेल्या जमातीत जन्मलेला माणूस जन्मानेच संशयित. त्याने हजेरी द्यायची, परवाना घेतल्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. म्हणजे कोश जे ‘म्हणत’ होते ते आता कायदा ‘मानू’ लागला. हा कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे, आणि राईनपाड्यात मेलेले डवरी गोसावी भटक्या जमातींच्या.

द्युबुआ ते रसेल ही साखळी मी इतकी तपशिलात मांडली, कारण ती अडाण्यांची नाही. मिशनरी, पोलीस अधिकारी, सनदी अधिकारी, रायबहादूर. प्रत्येकाने आपल्या आधीच्या विश्वासू माणसाकडून घेतलं आणि पुढे दिलं. पडताळून कुणी पाहिलं नाही, कारण देणारा ओळखीचा होता. राईनपाड्याच्या बाजारातल्या माणसानेही नेमकं तेच केलं. फरक वेगाचा: तिथे शंभर वर्षं लागली, इथे एक महिना.

वेगाचीही एक जुनी गोष्ट आहे, आणि तिच्यातला एक आकडा मला सोडत नाही.

१८५७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर हिंदुस्थानात गावोगाव चपात्या फिरल्या. त्या काळच्या इंग्रजी वृत्तपत्रात आलेल्या हकिकतीप्रमाणे पद्धत अशी: कानपूरचा चौकीदार फत्तेगढच्या चौकीदाराकडे दोन चपात्या घेऊन येतो. सांगतो, आणखी दहा भाज, जवळच्या पाच चौकीदारांना दोन दोन दे, आणि त्यांनाही असंच करायला सांग. चपातीत काही नव्हतं, चिठ्ठी नाही, खूण नाही. पण घेणारा प्रत्येक जण तिच्यात आपला अर्थ भरत गेला. कुणी म्हणालं सरकार धर्म बुडवणार, कुणी म्हणालं रोगराई दुसऱ्या गावाला लोटायची आहे. सातपुड्यापलीकडच्या निमाडात, म्हणजे आपल्या वऱ्हाडाला लागूनच, तिथल्या कीटिंग नावाच्या अधिकाऱ्याने या चपात्या इंदूरच्या बाजूने आल्याची नोंद केली. इंदूरला तेव्हा कॉलऱ्याने थैमान घातलं होतं. त्या कुणी सुरू केल्या, कशासाठी, हे इंग्रजांच्या सगळ्या चौकशांना शेवटपर्यंत उलगडलं नाही.

पाच चौकीदार. आता २०१२ च्या ऑगस्टमध्ये या. आसाममधल्या दंगलींनंतर ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार, असे एसएमएस आणि चित्रं फिरली आणि पुणे, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद इथून हजारो विद्यार्थी आणि कामगार गुवाहाटीच्या गाड्यांत बसून निघून गेले. रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. केंद्र सरकारने १७ ऑगस्टला पंधरा दिवसांसाठी घाऊक एसएमएस बंद केले. मर्यादा किती घातली? एका वेळी पाच. (थोड्याच दिवसांत ती वीस केली.) आणि राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एकच मजकूर एका वेळी किती ठिकाणी पुढे पाठवता येईल याला बंधन घातलं. तेही पाच.

हा योगायोग आहे, त्यात गूढ शोधू नये. पण चपात्यांचा वेग वाढवायला जो आकडा पुरला, तोच आकडा दीडशे वर्षांनी वेग आवरायला वापरला गेला, यावर क्षणभर थांबावंसं वाटतं. एकाने पाचांना, त्या प्रत्येकाने पाचांना, असं दहा वेळा केलं की दहाव्या पायरीवर ९७ लाख ६५ हजार ६२५ माणसं भरतात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपचे पाच म्हणजे पाच माणसं नव्हेत, पाच ठिकाणं. आणि ठिकाण म्हणजे गटही असतो. तेव्हा एका गटात २५६ जण बसत. पाच गट म्हणजे १,२८०. दुसऱ्या पायरीला सोळा लाखांच्या वर. अर्थात एकच माणूस चार गटांत असतो, सगळे पुढे पाठवत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा पुष्कळ कमी. तरी आधी अडीचशे ठिकाणी पाठवता येत होतं, त्यापेक्षा हे बरंच. पुढे २०१९ च्या जानेवारीत ही मर्यादा जगभर लागू झाली. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या अफवांच्या दिवसांत, फार वेळा पुढे गेलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं गेलं. या उपायांनी वेग कमी झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

जुलै २०१८ मध्येच पुढे ढकललेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूणही येऊ लागली. ही खूण म्हणजे यंत्राने लावलेला ‘म्हणे’च होय. कल्पना चांगली. पण तिच्यात ‘कोण म्हणे’ ते नाही. आमच्या गावातला ‘म्हणे’ निदान माणसाला चिकटलेला असे: अमक्याची मावशी म्हणे, तमक्या गावचा न्हावी म्हणे. मावशी किती खरं बोलते हे गावाला ठाऊक असे. फोनवर मात्र पाठवणारा तुमचा भाचा असतो, शाळेतला मास्तर असतो, डॉक्टर असतो. त्याचं नाव वर ठळक दिसतं आणि मूळ सांगणाऱ्याचं कधीच दिसत नाही. मजकूर अनोळखी माणसाचा, हमी ओळखीच्या माणसाची. शिवाय २०१६ च्या एप्रिलपासून हे संदेश असे कुलूपबंद झाले, की पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कुणालाच, खुद्द कंपनीलाही, ते वाचता येत नाहीत. खाजगीपणाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे आणि ती असावीच. पण मूळ चौकीदार शोधायला निघालेल्या पोलिसाची गत १८५७ च्या साहेबासारखीच होते.

त्याच २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि इंटरनेटचा दर कोसळला. माझ्या मते राईनपाड्याच्या कारणांत हा सर्वांत मोठा एकच बदल. मजकूर वाचावा लागतो. चित्रफीत पाहिली की झालं. ज्या पाड्यावर वर्तमानपत्र पोचत नव्हतं, तिथे दोन वर्षांच्या आत कराचीची मोटारसायकल पोचली. पण तिचं शेपूट जोडून दाखवणारं कुणी पोचलं नाही. त्या जुलैत कंपनीने खोट्या बातम्या कशा ओळखाव्या हे सांगायला जाहिराती दिल्या, त्या छापील वर्तमानपत्रांत, पानभर. जाहिरातींवर खर्च बराच झाला असणार.

जुन्या आणि नव्या अफवेतलं एक साम्य मात्र वेगाशी संबंधित नाही. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. ऑक्टोबरच्या अखेरीस हजारेक गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आज त्याला कस्तुरबा रुग्णालय म्हणतात. तिथे नेलेलं माणूस परत येत नाही, डॉक्टर अंगातून मोमियाई काढतात, असं बोललं जात होतं. त्याच महिन्यात मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं (ते चाफेकर बंधूंचं काम होतं हे पुढे उघड झालं), त्याचा सूड म्हणून राणीला लोकांची काळजं हवी आहेत, अशीही वदंता होती. हे सगळं खोटं होतं. पण रुग्णालयात नेलेली पुष्कळ माणसं खरोखरच परत येत नव्हती, आणि लोकांना घरातून ओढून नेलं जात होतं. भीती खरी होती, तिला चेहरा खोटा मिळाला.

मुलांच्या बाबतीतही तेच. मुलं हरवतात; आई-बाप पोलीस ठाण्यात जातात; पुष्कळदा त्यांचं ऐकलं जात नाही. शिवाय तो खोटा चेहरा आपण घरात स्वतःच जपून ठेवलेला असतो. वऱ्हाडातलं कुठलं पोर ‘झोळीवाला नेईल बरं’ हे ऐकल्याशिवाय जेवलं असेल? झोळी, भगवे कपडे, अनोळखी भाषा, डौराचा आवाज. डौर वाजवतात म्हणून तर ते डवरी. आईने भीती घालायला वापरलेलं चित्र, कोशांनी छापलेलं चित्र आणि फोनमधलं चित्र ही तिन्ही एकाच माणसावर येऊन बसतात, आणि तो बिचारा आठवडी बाजारात बसमधून उतरतो.

राईनपाड्याच्याच रात्री मालेगावातही एका कुटुंबाला याच संशयावरून जमावाने घेरलं होतं. पोलिसांनी त्यांना वाचवलं. हे मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं. आपल्या वाशीम जिल्ह्यातही मालेगाव तालुका आहे, आणि ‘मालेगावात पोरं चोरणारे पकडले’ एवढाच मजकूर इकडे आला तर काय होईल, याचा विचार करून पाहावा. जिल्ह्याचं नाव गाळलं की बातमी तीनशे किलोमीटर चालून तुमच्या दारात येते. गावांची नावं दोनदोनदा असणारा आपला प्रदेश या कामाला फार सोयीचा आहे.

राईनपाड्यानंतर दोन आठवड्यांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीच्या प्रकरणांसाठी निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा जबाबदार अधिकारी नेमावा, अफवा पसरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवावेत, जलदगती न्यायालयात खटले चालवावेत, वगैरे. तरी १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने मारलं. तिथेही आधी काही दिवस चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याची अफवा होती. त्यानंतर जे झालं ते अभ्यासण्यासारखं आहे: अफवेने माणसं मेल्यावर त्या मरणाविषयी दुसरी अफवा उठली. मारणारे एका विशिष्ट धर्माचे होते, असे संदेश फिरू लागले. अखेर राज्याच्या गृहमंत्र्यांना अटकेतल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली. तिच्यात त्या धर्माचं एकही नाव नव्हतं. यादी फिरली, पण संदेशांइतकी नाही. राईनपाड्याच्या खटल्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. घटनेपासून साडेपाच वर्षांनी. या निकालाचा मजकूर माझ्या फोनवर कुणीही पुढे पाठवला नाही. मला तो वर्तमानपत्रात वाचायला मिळाला.

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे देशभरच्या बंजाऱ्यांचं तीर्थक्षेत्र. सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. लोक त्याला बंजाऱ्यांची काशी म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नगाऱ्याच्या आकाराची ती इमारत लांबूनही ओळखू येते. कंबरलेज आणि रसेल यांनी ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांनी स्वतःविषयी मांडलेलं असं काहीतरी आपल्या जिल्ह्यात उभं राहिलं, याचं मोल मला मोठं वाटतं. रामनवमीला तिथे यात्रा भरते तेव्हा कर्नाटक, तेलंगणातून माणसं येतात. भाषा वेगळी, पोशाख वेगळा, कडेवर पोरं. आपल्याकडे त्यांना कुणी अडवत नाही, कारण ती कोण आहेत हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आणि याच भागातल्या तांड्यांवरची माणसं दिवाळी झाली की कामासाठी परजिल्ह्यात जातात. तिकडच्या आठवडी बाजारात उतरताना ती त्या गावासाठी अनोळखी असतात.

गेल्या मृगाच्या सुमारास आमच्या गल्लीत एक डवरी गोसावी आला होता. डौर काखेत, पण वाजवत नव्हता. गळ्यात, माळांच्या मधोमध, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं आधार कार्ड लोंबत होतं. पहिल्या घराशी त्याने डौराआधी ते पुढे केलं. कुणी मागितलं नव्हतं. हजेरीचा आणि परवान्याचा कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली होती.

गल्लीतल्या एका आजीबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, त्याला परत दिलं आणि म्हणाल्या, ‘हे राहू दे रे बाबा, कोण्या गावचा तू?’ त्याने गाव सांगितलं. तालुका सांगितला. मग जिल्हाही सांगितला. आजीबाईंनी सूप भरून जोंधळे आणले.